रकाना सात

‘रकाना सातमध्ये काय लिहिलंय तुम्ही?’ मी विचारलं.

‘हमाली,’ यासीनभाई म्हणाले.

‘फक्त हमाली?’

‘हुकमात त्येच हाय की ताई. नेमणुकीच्या. हमाल, रसायनशास्त्र विभाग.’

त्यांच्या मागे रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट होता. आमच्या विद्यापीठाने सगळ्या शिक्षकेतर पदांचं नव्याने वर्गीकरण करायला घेतलं होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याने चार पानांचा फॉर्म भरायचा. त्यातला सातवा रकाना म्हणजे ‘प्रत्यक्षात करीत असलेल्या कामाचे स्वरूप’. समिती तो वाचणार आणि माणूस कोणत्या वर्गात बसतो, त्याचं पदनाम काय, पगार कोणत्या श्रेणीतला, हे ठरवणार. मी आस्थापना विभागात वरिष्ठ लिपिक होते. वर्ग चारचे फॉर्म तपासून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण त्यातल्या निम्म्या लोकांना तो फॉर्म वाचूनही कळत नव्हता.

यासीन मणेर यांना सगळं विद्यापीठ ओळखायचं. पंचावन्न वर्षांचा, किडकिडीत, डाव्या मनगटावर भाजल्याच्या खुणा असलेला माणूस. प्रयोगशाळेत काही फुटलं की ‘यासीनकडे दे’ एवढंच म्हणायचे.

‘विभागातलं काचेचं सामान कोण बनवतं?’ मी विचारलं.

‘मीच.’

‘मग तसं लिहा की.’

‘लिवलं तर चालतंय?’

ते मला विचारत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी त्यांचा फॉर्म बाजूला ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या विभागात गेले.

तळमजल्यावर एका कोपऱ्यातल्या खोलीवर ‘काचकाम कक्ष’ अशी जुनी पाटी होती. तिथे पूर्वी आंबेकर नावाचे तंत्रज्ञ होते. ते एक्याऐंशी साली निवृत्त झाले. विद्यापीठाने त्यांची जागा भरली नाही, आणि बरीच वर्षं भरली नाही म्हणून पुढे ते पदच रद्द झालं. पण नळ्या फुटायच्या काही थांबल्या नाहीत. आंबेकरांच्या हाताखाली खोकी उचलायला दिलेला हमाल बारा वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून बघत होता. ते गेल्यावर तो त्यांच्या स्टुलावर बसला. त्याला सोळा वर्षं झाली होती.

‘बसा. मधी बोलू नगा,’ यासीनभाई म्हणाले.

गॅसच्या दिव्याची ज्योत निळी झाली. काचेची नळी दोन्ही हातांत धरून ते ती सारखी फिरवत राहिले. नळी मधोमध लाल झाली, मग नारिंगी, मग पाकात भिजल्यासारखी मऊ. त्यांनी एका टोकाला तोंड लावलं आणि हलकेच फुंकलं. लिंबाएवढा फुगा आला, एकसारखा, कुठे जाड नाही की पातळ नाही. त्या फुग्याच्या पोटातून त्यांनी दुसरी नळी काढली. अर्ध्या तासात ते काम टेबलावर निवत पडलं होतं. हेच बाहेरून मागवायचं तर मुंबईला ऑर्डर द्यावी लागे आणि दोन महिने थांबावं लागे.

त्यांनी डोळ्यांवरचा जांभळट चष्मा काढला. त्याची एक काच तडकलेली होती.

‘हा असा काय?’

‘आंबेकर सायबांचा हाय. जाताना दिऊन गेले.’

‘स्टोअरकडून नवा घ्यायचा.’

‘मागितला की. हमालाला चष्मा न्हाई म्हनले. हमालाला दोन गणवेश, चपलांचा एक जोड, आन तीन वर्सातनं एक छत्री.’

मी तिथेच बसून नवा फॉर्म लिहिला. रकाना सातला जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली. कोणकोणती उपकरणं बनवतात, कोणती दुरुस्त करतात, कोणाच्या संशोधनासाठी काय केलं, सगळं त्यांच्याकडून काढून घेतलं. दर ओळीनंतर ते विचारायचे, ‘ह्ये बी लिवायचं?’

विभागप्रमुख डॉ. सबनीस यांच्याकडे अभिप्रायासाठी मीच फॉर्म घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. ‘हे फार आधी व्हायला हवं होतं, मॅडम,’ म्हणाले आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘श्री. मणेर हे गेली सोळा वर्षे विभागाचे संपूर्ण काचकाम स्वतंत्रपणे करीत आहेत. माझ्या संशोधनातील तीन उपकरणे त्यांनी तयार केलेली आहेत. त्यांना तंत्रसहायक हे पदनाम देण्यात यावे.’ खाली सही, शिक्का, तारीख.

मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

तीन आठवड्यांनी उपकुलसचिव इंगवले साहेबांनी मला बोलावलं. समितीचे सचिव तेच होते. माझ्याशी ते नेहमी सौम्यच बोलत. त्या दिवशीही सौम्यच बोलले.

‘बसा खरमाटे बाई. रसायनशास्त्राला तंत्रसहायकाचं पद किती?’

‘एक आहे सर. रिकामं आहे.’

‘रिकामं नाही. भरायचं आहे. जाहिरात निघेल.’

व्यवस्थापन परिषदेच्या एका सदस्याचा पुतण्या दोन महिने आमच्या कार्यालयात चकरा मारत होता. हातात बी.एस्सी.चं प्रमाणपत्र. तो कशासाठी येतो हे शिपायांनाही ठाऊक होतं.

इंगवल्यांनी यासीनभाईंचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

‘हमालाने हमालाचं काम लिहावं. एवढंच.’

‘पण सर, सबनीस सरांची शिफारस आहे याच्यावर.’

‘सबनीसांशी बोलणं झालंय. नवीन फॉर्मवर ते “सहमत” लिहितील.’

‘मणेर खरंच ते काम करतात. मी बघून आलेय.’

‘करत असतील. तुम्ही घरी स्वयंपाक चांगला करत असाल, म्हणून विद्यापीठ तुम्हाला आचारी म्हणणार आहे का?’ ते हसले. मग दुसरी फाईल उघडून सहज चाळायला लागले. ‘तुमचंही नाव आहे ना वरिष्ठ लिपिकांना सहायक करण्याच्या यादीत? सव्वीस नावं आहेत आणि पदं एकोणीस. तुम्ही विसाव्या का एकविसाव्या आहात. मी बघतो काय करता येईल ते.’

एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही.

माझ्या अडचणी मी इथे सांगणार नाही. नवऱ्याची नोकरी, मुलींची शाळा, घराचे हप्ते, सगळ्यांचं जे असतं तेच माझंही होतं. ते सांगत बसले तर तुम्ही मान डोलवाल, आणि मला ते नको आहे.

मी जागेवर आले. कोरा फॉर्म घेतला. माझं अक्षर गोल आणि सुबक आहे, सगळे त्याची तारीफ करायचे. त्या अक्षरात मी सातव्या रकान्यात लिहिलं: ‘काचेच्या सामानाची ने-आण, स्वच्छता व वरिष्ठ सांगतील ती इतर कामे.’ या वेळी पुरवणीची गरज पडली नाही.

दुपारी यासीनभाईंना बोलावून घेतलं.

‘आधीच्या फॉर्मवर खाडाखोड झाली होती,’ मी म्हणाले. ‘पुन्हा सही लागेल.’

त्यांनी कागद घेतला. जवळचं दिसत नसल्याने तो हात लांब करून धरला. मी टेबलावरचे दुसरे फॉर्म उलटेपालटे करत बसले. थोड्या वेळाने वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा खाली पाहिलं.

‘कुटं करू?’

मी जागेवर बोट ठेवलं. ‘इथं करा.’

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली आणि गेले.

जुना फॉर्म फाडून टाका, असं इंगवल्यांनी सांगितलं होतं. मी तो फाडला नाही. खणात तळाशी घातला. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. सबनीसांचं अक्षर फाडायला हात झाला नाही, एवढंच.

डिसेंबरमध्ये याद्या लागल्या. मी सहायक झाले, पेढे वाटले. वर्ग चारच्या यादीत एकशे त्रेचाळिसाव्या क्रमांकावर ‘मणेर यासीन हुसेन, हमाल’ असं होतं. त्यानंतर मी रसायनशास्त्राच्या इमारतीवरून जाणं टाळू लागले. ग्रंथालयाच्या बाजूने लांबून फिरून जायचे.

फेब्रुवारीत स्फोट झाला.

सबनीसांनी एक तडा गेलेला चंबू स्वतः आणून दिला होता. त्यात आधी ईथर होतं, चटकन पेट घेणारं. धुतलेला आहे, असं ते म्हणाले. धुतलेला नव्हता, निदान पुरता नव्हता. यासीनभाईंनी तो ज्योतीवर धरला आणि तो त्यांच्या तोंडासमोर फुटला. चष्म्याची तडकलेली काच आतच घुसली. उजवा डोळा गेला.

मी सरकारी दवाखान्यात गेले होते. वॉर्डाच्या दारातून त्यांच्या पत्नी, जुबेदाभाभी, पलंगाशी बसलेल्या दिसल्या. मी आत गेले नाही. हातातली फळांची पिशवी तशीच घेऊन परत आले.

कामावर असताना इजा झाली तर कर्मचाऱ्याला भरपाई मिळते. यासीनभाईंनी अर्ज केला. उत्तरात त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. मी ती वाचली, कारण ती माझ्याच टेबलावरून गेली: ‘नेमून दिलेले काम नसताना विभागातील गॅसचा दिवा विनापरवानगी हाताळल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये?’

डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला ते असं विचारत होते. पहिल्यांदा मला इंगवल्यांचा नुसता राग आला नाही, त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून मारावा असं वाटलं. पण त्या नोटिशीत ‘नेमून दिलेले काम’ असं जे लिहिलं होतं, ते कुठून आलं हे मला माहीत होतं.

चौकशीला तिघे जण होते. अध्यक्ष म्हणून एका कॉलेजचे प्राचार्य, सदस्य सबनीस, आणि सचिव इंगवले. फाईल सादर करायला मी. यासीनभाईंना एका बाजूला खुर्ची दिली होती, पण ते उभेच होते.

‘दिव्यासमोर बसायला तुम्हाला कोणी सांगितलं?’ प्राचार्यांनी विचारलं.

‘सबनीस सायबांनी चंबू दिला. धुतलाय म्हनले.’

प्राचार्य सबनीसांकडे वळले. सबनीस पेनाचं टोपण काढत-घालत होते.

‘चंबू माझ्या प्रयोगशाळेतला होता, हे खरं आहे,’ ते म्हणाले. ‘पण तो स्टोअरमध्ये ठेवायला दिला होता. दुरुस्त करा असं मी म्हटल्याचं मला आठवत नाही.’

‘सायेब,’ यासीनभाई म्हणाले. बस, एवढंच.

‘ते काचेचं काम करतात का तुमच्या विभागात?’

‘आवड म्हणून अधूनमधून काही करत असतील. अधिकृतपणे नाही.’

इंगवल्यांनी फाईल पुढे केली. ‘सर, गेल्याच वर्षीचा वर्गीकरणाचा फॉर्म आहे. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सहीचा. रकाना सात बघा.’

प्राचार्यांनी मोठ्याने वाचलं, ‘काचेच्या सामानाची ने-आण, स्वच्छता…’ आणि मान वर केली. ‘मणेर, सही तुमची?’

‘माझी हाय.’

‘मग हे तुमचंच म्हणणं झालं.’

मी उभीच होते. बोलायचं ठरवून आले नव्हते. पण तो जुना फॉर्म सकाळी खणातून काढून पर्समध्ये का ठेवला होता, हेही मला सांगता येणार नाही.

‘ते अक्षर माझं आहे,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘सही त्यांची आहे, मजकूर माझ्या अक्षरातला आहे. आणि तो खोटा आहे. खरा हा.’ मी कागद टेबलावर ठेवला. ‘सबनीस सर, शेवटच्या पानावर तुमचं अक्षर आहे. वाचून दाखवता का?’

सबनीसांनी कागदाकडे पाहिलंच नाही. त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली होती.

‘खरमाटे बाई, हा कागद तुमच्याकडे कसा आला?’ इंगवले म्हणाले. आवाज अजूनही सौम्यच.

‘तुम्ही फाडायला सांगितला होता. मी फाडला नाही.’

‘म्हणजे कार्यालयीन कागद तुम्ही परस्पर काढून घेतला. प्राचार्य साहेब, याची नोंद घ्यावी. हा कागद अभिलेखावर नाही. त्यावर आवक क्रमांक नाही.’

‘त्याच्यावर विभागप्रमुखाचा शिक्का आहे!’ मी ओरडले. त्या इमारतीत इतक्या वर्षांत मी कधी ओरडले नव्हते. ‘माणसाचा डोळा गेलाय आणि तुम्ही आवक क्रमांक विचारताय? चष्मा मागितला तर दिला नाहीत त्याला. छत्री दिलीत! आगीसमोर बसणाऱ्या माणसाला छत्री!’

‘तुम्ही बाहेर जा,’ प्राचार्य म्हणाले. ‘शांत व्हा आणि बाहेर जा.’

माझ्या दोन वेतनवाढी रोखल्या. सहायकपद काढून मला पुन्हा वरिष्ठ लिपिक केलं आणि तळघरातल्या आवक-जावक विभागात पाठवलं. यासीनभाईंचा अर्ज ‘अभिलेखावरून सिद्ध होत नसल्याने’ फेटाळला गेला. कारवाई मात्र केली नाही. मोठ्या मनाने, असंही तोंडी सांगितलं. सबनीस पुढे अधिष्ठाता झाले. तो पुतण्या तंत्रसहायक झाला. काच कशी धरायची हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून विभाग सामान मुंबईहून मागवू लागला.

त्या फॉर्मच्या तीन झेरॉक्स मी नोटीस वाचली त्याच दिवशी काढून ठेवल्या होत्या. एक यासीनभाईंना दिली. त्यांनी ती जोडून तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला. सुनावण्या पडल्या, पुढे ढकलल्या, सदस्य बदलले. यासीनभाई एका डोळ्याने खोकी उचलत राहिले आणि साठाव्या वर्षी, दोन हजार दोन साली, हमाल म्हणून निवृत्त झाले.

दुसऱ्या वर्षी समितीचा निर्णय आला. त्यावरून निघालेला आदेश टपालात टाकण्यासाठी माझ्याच तळघरात आला. मी उभ्याउभ्या वाचला. पहिला परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं: श्री. मणेर हे एक जानेवारी शहाण्णव या मानीव दिनांकापासून तंत्रसहायक, वर्ग तीन, समजण्यात येत आहेत. ‘मानीव’ म्हणजे आपण तसं मानायचं. पदनाम मिळणार, मागच्या पगारातला फरक मिळणार नाही.

दुसरा परिच्छेद मी तीन वेळा वाचला. वर्ग चारचा कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि वर्ग तीनचा अठ्ठावन्नाव्या. मणेर आता वर्ग तीनचे ठरले. म्हणजे ते दोन हजार साली निवृत्त व्हायला हवे होते. म्हणजे पुढची दोन वर्षं त्यांनी अनधिकृतपणे काम केलं. म्हणून त्या दोन वर्षांचा पगार त्यांच्या निवृत्तिवेतनातून वसूल करण्यात यावा. खाली सही: प्रभारी कुलसचिव. इंगवले आता त्या खुर्चीत बसत होते.

मी आदेश पोस्टाने पाठवला नाही. स्वतः नेऊन दिला. यासीनभाई बाजारपेठेत धाकट्या भावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसत असत. त्यांनी कागद डाव्या डोळ्यासमोर लांब धरून वाचला, पुन्हा वाचला.

‘उद्या येतो,’ म्हणाले.

आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मी त्यांच्याबरोबर कुलसचिवांच्या खोलीत गेले. माझ्याकडून काढून घ्यायला आता तिथे काही उरलेलं नव्हतं.

‘या मणेर,’ इंगवले म्हणाले. ‘अभिनंदन. शेवटी न्याय मिळाला.’

यासीनभाई बसले. या वेळी कोणी न सांगता बसले. आदेश टेबलावर पसरला.

‘ह्यात लिवलंय त्ये खरं न्हवं, सायेब? शाण्णव सालापास्नं मी तंत्रसहायक.’

‘हो. मानीव दिनांकापासून.’

‘म्हंजे अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत, माजा डोळा गेला तवा, मी तंत्रसहायक हुतो.’

‘कागदोपत्री, हो.’

‘मग दिव्याम्होरं बसनं माजं कामच हुतं. मंग भरपाई का न्हाई?’

‘तो विषय वेगळा आहे. त्याची चौकशी पूर्ण झालेली आहे.’

‘चौकशीत तुमी म्हनला हमाल. आता पगार मागताना म्हनताय तंत्रसहायक.’ त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. ‘डोळा गेला तवा हमाल. पगार काढून घ्यायच्या टायमाला तंत्रसहायक. दोन्हीतला एक मानूस ठरवा सायेब. तंत्रसहायक असंल तर डोळ्याची भरपाई द्या. हमाल असंल तर माज्या दोन वर्सांच्या पगाराला हात लावू नगा. दोगंबी मीच कसा?’

इंगवल्यांनी घंटी वाजवली. शिपाई आत आला. त्याला काय सांगायचं ते त्यांना सुचेना. ‘पाणी आण,’ म्हणाले.

‘मी बघतो,’ ते शेवटी म्हणाले.

‘बगा. म्या लेखी बी दिलंय,’ असं म्हणून यासीनभाईंनी अर्ज ठेवला आणि उठले.

त्यांनी बघितलं. ज्या आदेशाला पाच वर्षं लागली होती, तो अकरा दिवसांत फिरला. ‘संदर्भीय आदेश अनवधानाने निर्गमित झाला असल्याने तो याद्वारे संपूर्णतः रद्द करण्यात येत आहे.’ भरपाई द्यायला लागू नये म्हणून त्यांनी वसुली सोडली आणि पदनामही काढून घेतलं. यासीनभाई पुन्हा हमाल झाले. कायमचे.

हाही आदेश मीच नेऊन दिला. दुकानात एका म्हाताऱ्या बाईला बांगड्या भरणं चाललं होतं. भाऊ भरत होता, यासीनभाई मागे गादीवर बसले होते. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

‘पेन्शन तरी वाचलं,’ म्हणाले.

‘आपण कोर्टात जाऊ,’ मी म्हणाले. ‘दोन्ही आदेश आहेत आपल्याकडे. मी साक्ष देते.’

‘न्हाई जायाचं आता.’

मला राग आला होता. त्या खुर्चीचा, त्या सौम्य आवाजाचा, ‘अनवधानाने’ या शब्दाचा. मी बराच वेळ बोलत राहिले. इंगवल्यांना सोडायचं नाही, सबनीसांना सोडायचं नाही. यासीनभाई ऐकत होते. मग माझं बोलणं संपलं, आणि सहा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते तोंडातून निघालं.

‘यासीनभाई, त्या दिवशी खाडाखोड झाली म्हणून मी तुमची दुसऱ्या फॉर्मवर सही घेतली. खाडाखोड नव्हती. मी खोटं बोलले.’

‘ठावं हाय.’

‘चौकशीत कळलं तुम्हाला, तेव्हा काय वाटलं असेल…’

‘तवा न्हाई. त्याच दिशी. सही करायच्या आदी वाचला हुता म्या.’

म्हाताऱ्या बाईने हात हलवला आणि एक बांगडी फुटली. भावाने तुकडे गोळा केले.

‘वाचला होतात? मग सही का केलीत?’

त्यांनी डावा डोळा माझ्यावर रोखला.

‘किती येळ तुमच्या तोंडाकडं बगत हुतो. म्हनलं, आता ह्या कायतरी बोलतील. सायेब असं म्हनतोय, माज्यावर असं आलंय, सही करू नगा, न्हाईतर करा, कायतरी. तुमी बोट ठिवलंत, हितं करा म्हनून. पयला फॉर्म लिवनारी बाई माज्या बाजूची हुती. तिनंच दुसरा लिवला. मंग मी भांडू कुनाच्या जिवावर?’

‘पण चौकशीत मी बोलले,’ मी म्हणाले. मला ते म्हणायला नको होतं. ‘सगळ्यांसमोर बोलले. माझी नोकरी…’

‘बोललासा की,’ यासीनभाई म्हणाले. ‘माजा डोळा गेल्यावर.’

त्यांनी ते रागाने म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांचा राग मी पहिल्यांदा बघितला, आणि तो माझ्यावर होता.

मग ते उठले आणि बाईच्या दुसऱ्या हाताचं माप घ्यायला लागले. त्या दुकानात येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकालाही चहा विचारतात. मला विचारला नाही. मी आणखी थोडा वेळ बसले, मग चपला घालून स्टँडकडे चालू लागले.